सर्व समाविष्ट, पण कोणासाठी?

बुद्धपौर्णिमा जवळ आली की वस्तीतल्या मोबाईलवर एकच जाहिरात फिरू लागते. लुंबिनी-काठमांडू किंवा श्रीलंका. विमान, हॉटेल, चहा-नाश्ता-जेवण, 'सर्व समाविष्ट'. त्यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. काही कार्यकर्ते म्हणतात, समाजाचे प्रश्न पेटलेले असताना ही चैन कशाला? बाकीचे काहीही न वाचता आगाऊ रक्कम भरून मोकळे होतात. आम्हाला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत.

आधी घडलेले सांगतो. आमच्या वस्तीतल्या एक मावशी, वय ६१, सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेल्या. फंडाच्या पैशातून त्यांनी लुंबिनीची सहल ठरवली. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. टूरवाला म्हणाला, "नेपाळला काही लागत नाही, आधार कार्ड आणा." विमानतळावर मावशींना अडवले. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही हे खरे, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधारवर जाण्याची सवलत १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना आहे. मावशींचे मतदार कार्ड घरी कपाटात होते. गट पुढे गेला आणि मावशी पांढरी साडी नेसून गेल्या तशा परत आल्या. पैसे मागितले तेव्हा टूरवाल्याने पावतीमागची बारीक इंग्रजी अक्षरे दाखवली : कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची.

मावशींना इंग्रजी येत नाही. आम्हाला येते. पदव्या घेऊन वस्तीत फिरणाऱ्या आमच्यापैकी एकानेही तो कागद मागून वाचला नव्हता. टूरवाला दोषी आहेच. पण 'शिका' हा शब्द रोज उच्चारणारे आम्ही कुठे होतो?

आता चैनीचा मुद्दा. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ, दौलताबाद पाहायला निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून गहजब झाला. शेवटी, आत कुठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर आणि सोबत शिपाई घेऊन त्यांना किल्ला पाहावा लागला. हा प्रसंग त्यांनी ज्या आठवणींत लिहिला त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहेत. ज्यांना किल्ला पाहण्यासाठी पाण्याची अट घातली गेली, त्यांच्या लेकरांनी जग पाहणे ही चैन कशी? बाबासाहेब स्वतः १९५० मध्ये श्रीलंकेला आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशाला बौद्ध परिषदांसाठी गेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही ते काठमांडूच्या परिषदेला गेले. तीस वर्षे शहराची घाण उपसलेल्या बाईला लुंबिनीचा अशोकस्तंभ डोळ्यांनी पाहावासा वाटला, तर चळवळीने तिला हिशेब विचारू नये. तिच्यासोबत बसून कागद वाचावा.

कागद वाचायचा म्हणजे काय? 'समाविष्ट'ची यादी सगळेच वाचतात. आपण 'समाविष्ट नाही'ची यादी आधी वाचायची. त्यात व्हिसा, विमा, प्रवेश तिकिटे, मार्गदर्शकाची बक्षिसी, एकट्याच्या खोलीचे जादा पैसे दडलेले असतात. 'किंवा समकक्ष हॉटेल' असे लिहिले असेल तर ते लुंबिनीपासून किती लांब, हे विचारायचे. लुंबिनीला प्रत्यक्षात किती तास आणि बाजारात किती, हे लिहून घ्यायचे. सहल रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल, तेही लेखी. परदेशी पॅकेजवर आयकराचा टीसीएस घेतला जातो. पॅन द्यायचे आणि विवरणपत्र भरून तो वजा किंवा परत मागायचा. पैसे खात्यातूनच द्यायचे. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. मावशींची तक्रार आम्ही तिथेच दाखल केली आहे.

श्रीलंकेला जायचे तर पासपोर्ट हवा आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, असे घरोघरी आहे. ते सहा महिने आधी दुरुस्त करायला घ्या. तरुणांसाठी एक सूचना : दंडावर बुद्धाचे चित्र गोंदले असेल तर ते झाका. अशा गोंदणामुळे २०१४ मध्ये एका पर्यटक महिलेला श्रीलंकेतून परत पाठवले गेले होते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटोही काढू नका. तिथे तो अनादर समजतात.

आणि खोलीचा प्रश्न. दोघांत एक खोली असली की पहिल्याच रात्री "पूर्ण नाव काय?" असा प्रश्न येतो. आमच्या ओळखीच्या एका भगिनीच्या सोबतिणीने आडनाव ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी खोली बदलून मागितली आणि टूर मॅनेजरने ती निमूट बदलून दिली. दौलताबादचा हौद असा आजही सोबत प्रवास करतो. म्हणून शक्यतो गटाने जा आणि असे घडले तर गप्प बसू नका.

कर्ज काढून मात्र जाऊ नका. लुंबिनी कुठेही जात नाही. हप्ता मात्र दर महिन्याला दारात येतो. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. तो आधी बाजूला काढावा, मग सहलीची बचत करावी.

आमचे म्हणणे एवढेच : प्रत्येक विहारात, रविवारच्या वंदनेनंतर, शिकलेल्या दोन तरुणांनी तासभर बसावे. कुणी पॅकेजचा कागद आणेल, कुणी पासपोर्टचा अर्ज, कुणी कर्जाचा करार. तो मराठीत वाचून समजावून सांगावा. मावशींचा पासपोर्टचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात भरला. आडनावाचे स्पेलिंग तीनदा तपासले.

जय भीम! नमो बुद्धाय!