फोटोतला वाघ आणि शाळेतल्या मुली

गेल्या वर्षी आंबिया बहाराची संत्री उतरत होती तेव्हाची गोष्ट. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत माझा एक माजी विद्यार्थी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. "सर जी, बगीच्यात वाघ आला. हे पाहा पट्टे." मी चष्मा पुसून पाहिले. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा फटक गोळा, त्यावर चार-पाच काळ्या रेघा, खाली पायासारखे काहीतरी. डोके नाही, शेपूट नाही. मी म्हणालो, "बाबा, हा वाघ आहे हे तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "साऱ्या गावानं."

साऱ्या गावाने सांगितले होते, हे खरे होते. तो फोटो पहाटे पाचलाच गावाच्या ग्रुपवर पडला होता आणि आठपर्यंत चार गावे फिरून आला होता. त्या पांदणीने सायकलवर आमच्या शाळेत अठरा मुली येतात. त्या दिवशी दोन आल्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही. मी गावात गेलो तर एका गृहस्थांनी मलाच सुनावले, "सर, तुमीच सांगा, काहून धाडायच्या पोरी शाळेत?" मुलगे मात्र येत होते. वाघ फक्त मुलींना खातो, असा काही शोध आमच्या गावाने लावला होता की काय, कोण जाणे!

तो प्राणी तरस होता. हे आम्हाला नऊ दिवसांनी कळले, आणि ते नऊ दिवस का लागले हेच मला या लेखात सांगायचे आहे. माझे म्हणणे थोडे कडू वाटेल. आपल्या भागात हल्ली बागाईतदारांनी आणि हौशी तरुणांनी जे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे झाडांना बांधले आहेत, ते विकत घेण्याची अक्कल आपल्याला आली, लावण्याची आली नाही. आणि ही उणीव हौशीपुरती राहिलेली नाही. तिची किंमत दुसरेच कोणीतरी भरते.

या कॅमेऱ्याची करामत समजून घ्या. त्याच्या पोटात उष्णता टिपणारा एक डोळा असतो. समोरच्या जागेत आजूबाजूपेक्षा निराळ्या तापमानाची वस्तू हलली की तो कॅमेऱ्याला जागे करतो. म्हणून प्राणी समोरून आडवा गेला तर तो चटकन ओळखतो. सरळ अंगावर चालून आला तर पुष्कळदा उशिरा जागा होतो, आणि तोवर जनावर नाकाशी आलेले असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा जनावराचे अंग आणि हवा यांत फरकच फारसा उरत नाही, आणि हा डोळा भर दुपारी आंधळ्यासारखा वागतो. उलट उन्हात तापलेले गवत वाऱ्याने डुलले की तो तत्परतेने शंभर फोटो काढतो. गवताचे.

आमच्या या चिरंजीवांनी काय केले होते? कॅमेरा घेतला होता संत्रीचोर पकडायला. म्हणून तो छातीच्या उंचीवर, तोंड बरोबर पूर्वेला, बागेत शिरणाऱ्या वाटेच्या नाकासमोर बांधलेला. तोही एका कोवळ्या बांबूला, जो वारा आला की स्वतःच मान हलवी. चोराच्या मानाने जागा ठीक होती. पण कमरेपेक्षा खाली असलेले जनावर समोरून आले, दोन हातांवर पोचले, तेव्हा कॅमेऱ्याने त्याची नुसती पाठ टिपली, आणि रात्रीच्या अवरक्त दिव्यांनी इतक्या जवळून तिला चुन्यासारखे पांढरे करून टाकले. मी विचारले तर उत्तर काय? "सर, चोवीस मेगापिक्सेलचा आहे!" मेगापिक्सेलच्या या आकड्यावर माझा विशेष राग आहे. यातील बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत खरा सेन्सर बराच लहान असतो आणि उरलेले ठिपके आतले यंत्र अंदाजाने भरते. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेतील पुरवण्यांसारखेच ते. पाने वाढतात, उत्तर वाढत नाही.

आमच्या पिढीला वाटते की चांगल्या फोटोला महाग यंत्र लागते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी १९२० च्या दशकात शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात वाघांच्या वाटेवर बारीक तार लावून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की उजेड होऊन फोटो निघे. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. एकदा तार ओढली गेली की त्या रात्रीचे काम संपले! तरी त्याला वाघ सापडत, कारण वाघ कोणत्या वाटेने, कोणत्या वळणावर पाय टाकतो याचा अभ्यास त्याने आधी केलेला असे. आमच्याकडे हजारो फोटो मावणारे कार्ड आहे आणि वाट कोणती हे मात्र गुराख्याला विचारायची लाज वाटते.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे काम वनखात्याचे, तुम्ही कशाला पडता? सांगतो. सरिस्क्यात वर्षानुवर्षे पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले जात होते आणि २००५ साली उघड झाले की तिथे एकही वाघ उरलेला नाही. हजेरीपटावर मुले आणि वर्गात रिकामी बाके, हा प्रकार आम्हा मुख्याध्यापकांना समजावून सांगावा लागत नाही. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते की कॅमेऱ्याने पट्टे टिपून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो. सरिस्क्याचा धडा मिळाल्यावर २००६ पासूनच्या देशव्यापी गणनेत ही पद्धत आली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक, तोही निवडलेल्या जंगलात, शिकलेल्या हातांनी लावलेल्या कॅमेऱ्यांत. आणि आमच्या गावात पहिल्याच पांढऱ्या गोळ्याला वाघ ठरवून मोकळे!

हे खात्याचे कॅमेरे पेंचमध्ये, सातपुड्यात असतात. आपल्या बागेत, नाल्यात, कान्हान-जामच्या काठच्या झुडपांत बिबट, तरस, सायाळ, रोही काय करतात हे कोण पाहणार? वाघ येतच नाही असेही मी म्हणत नाही. २०१८ मध्ये चंद्रपूरकडचा एक तरुण वाघ अमरावती जिल्ह्यातून थेट बैतुल जिल्ह्यातील सारणीपर्यंत चालत गेला आणि वाटेत दोन माणसे त्याने मारली. म्हणूनच तर "वाघ" हा शब्द तोलून वापरला पाहिजे.

आता आपल्या दुभाषी घरांची खास अडचण. १९५६ साली नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण शाळा हिंदी आणि स्वयंपाकघर मराठी हे काही बदलले नाही. त्या फोटोखाली पहिल्या कोणा शहाण्याने हिंदीत लिहिले होते, "लकडबग्घा लगता है." बरोबर लिहिले होते! लकडबग्घा म्हणजे आपला तरस. पण दुसऱ्याने त्यातला "बग्घा" उचलला, तिसऱ्याने त्याचा "वाघ" केला. मी दहावीच्या वर्गात "तरस" हा शब्द फळ्यावर लिहिला तर मराठी घरांतल्या मुलांनी अर्थ सांगितला, दया! हिंदीत "तरस खाना" असते ना. आपल्या आज्यांना तरस, रोही, सायाळ, मसन्याऊद वेगवेगळे ठाऊक होते. आपल्याला दोन भाषा येतात असे आपण मिरवतो. जनावराच्या बाबतीत आपण दोन्हीकडून कोरे आहोत.

पुन्हा बागेकडे येतो. दोन दिवसांत गावात तारेत वीज सोडायची भाषा सुरू झाली. रानडुकरासाठी सोडलेल्या अशा तारांनी विदर्भात आणि मध्य प्रदेशात किती वाघ-बिबटे मेले, आणि किती माणसेसुद्धा, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. ती तार त्याच पांदणीला लागून जाणार होती. मी त्या मुलाला म्हटले, आधी कॅमेरा सोड.

गावच्या म्हाताऱ्या गुराख्याने नाल्याची उतरण दाखवली. तिथे जाड बुंध्याच्या बाभळीला कॅमेरा गुडघ्याइतक्या उंचीवर बांधला, तोंड उत्तरेला, म्हणजे उगवतीचा-मावळतीचा सूर्य भिंगात शिरणार नाही. वाटेपासून चार पावले दूर, आडवा. समोरचे गवत विळ्याने कापले. दिव्यांपैकी अर्ध्यांवर औषधाच्या दुकानातली पांढरी पट्टी चिकटवली, उजेड सौम्य व्हावा म्हणून. घड्याळ तपासले, ते चक्क दोन वर्षे मागे होते, म्हणजे आधीच्या फोटोला साक्षीची किंमतही नव्हती. मग मी स्वतः, वय वर्षे सत्तावन्न, त्या वाटेवरून चार पायांवर चालून दाखवले. हसा, पण कॅमेरा नीट लागला की नाही हे कळण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

जुन्या कार्डात आणखी एक गोष्ट निघाली. अंधारात पांदणीने जाणाऱ्या आमच्याच गावच्या बायांचे फोटो. का जातात ते तुम्ही जाणता. मी ते तिथेच पुसायला लावले. कॉर्बेटच्या जंगलातील कॅमेऱ्यांनी तिथल्या स्त्रियांचे फिरणे, गाणे, बोलणे कसे बदलून गेले, यावर २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. एका बाईचा तसला फोटो गावात फिरवलाही गेला होता. येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरा लावणाऱ्याला मी जनावरांचा मित्र मानत नाही.

सातव्या रात्री, दोन वाजून अकरा मिनिटांनी, तो आडवा गेला. उतरती पाठ, मानेवर उभी आयाळ, टोकदार कान, पायांवर पट्टे. एकदाच नव्हे, तीन फोटो. मेलेल्या गुरांवर जगणारा बिचारा तरस. गुराखी म्हणाला, "मी तर पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं, कोनी इचारलं नाही."

फोटो शाळेच्या फलकावर लावला, खाली दोन्ही नावे लिहिली. ग्रुपवरही टाकला, जागा मात्र सांगितली नाही. शिकाऱ्यांनाही मोबाईल वापरता येतो. या वेळी तो चार गावे फिरला नाही. तरसाला कोण विचारतो?

तार लागली नाही. सतरा मुली परत आल्या. अठरावीच्या वडिलांना कारण मिळाले होते. त्या नऊ दिवसांतच बैठक झाली, आणि मी फोटो घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "तरस असो का वाघ, सर, आता सोयरीक झाली." गणितात ती वर्गात दुसरी होती.

माझ्या त्या माजी विद्यार्थ्याने यंदा नवा कॅमेरा घेतला आहे, म्हणे अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा. तो किती उंचीवर बांधला आहे ते पाहायला मी रविवारी जाणार आहे.