परक्याची ठेव

प्रवासवर्णनें आमच्या वाचकांस नवीं नाहींत. हल्लीं तर घरोघरचीं मुलें, सुना व जांवई परदेशीं आहेत, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या छायाचित्रांमुळें युरोपांतील मोठमोठ्या शहरांचे मनोरे आणि पूल घरांतील वडील मंडळींस तोंडपाठ झाले आहेत. असें असतां आम्ही पुन्हां एका शहराची हकीकत सांगूं लागलों, तर 'यांत नवें तें काय?' असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, शहरांत काय आहे हें पाहणें निराळें, आणि त्या शहरानें आपल्यापाशीं काय जपून ठेविलें आहे हें पाहणें निराळें. गेल्या चैत्रांत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका स्नेह्यांबरोबर घालविलेल्या दिवसानें आम्हांस या दुसऱ्या प्रकारच्या पाहण्याचा लाभ दिला, म्हणून हा प्रपंच.

आमचे हे स्नेही व्यवसायानें इंजिनिअर असून कित्येक वर्षें जर्मनींत राहतात. त्यांच्या वृद्ध मातोश्री मुलाकडे राहावयास गेल्या असतां गेल्या हिवाळ्यांत थोड्याशा आजारानें तेथेंच निवर्तल्या. दहनविधि तिकडेच करावा लागला. अस्थि मात्र स्नेह्यांनीं स्वतः नाशिकास आणून गोदावरींत सोडल्या. दुखवट्याच्या दिवसांत एका वडीलधाऱ्या आप्तांनीं फोनवरून त्यांस म्हटलें, "शेवटीं परक्या मुलखांत अग्नि दिलात म्हणायचा." बोलणारांच्या मनांत वाईट नव्हतें, परंतु तो शब्द आमच्या स्नेह्यांच्या मनांत कांट्यासारखा रुतून बसला होता. ते त्याविषयीं बोलत नसत. फ्लॉरेन्सला चला, असें आम्हीच त्यांस आग्रहानें लिहिलें होतें.

सकाळीं प्रथम मुख्य मंदिराच्या घुमटावर गेलों. सांता मारिया देल फियोरे, म्हणजे फुलाची मरियामाता, हें त्या मंदिराचें नांव. घुमटाला आंतलें एक व बाहेरचें एक अशीं दोन कवचें आहेत, आणि ४६३ पायऱ्यांची वाट त्या कवचांच्या मधून वर जाते. वाटेंत भिंतींतील विटा माशाच्या कांट्याप्रमाणें तिरप्या बसविलेल्या दिसतात. तेथें आमचे स्नेही थबकले. विटांवर हात ठेवून म्हणाले, "अहो, या मंदिराचा पाया १२९६ सालीं घातला. पण ४० मीटरांहून अधिक रुंदीच्या जागेवर घुमट कसा उभारावा हें कोणासच नीट ठाऊक नव्हतें. तरी बांधकाम चालूच राहिलें. पुढें १४२० सालीं फिलिप्पो ब्रुनेलेस्की यानें तें काम हातीं घेतलें. तो मूळचा सोनार. जमिनीपासून लांकडी आधार न उभारतां, विटांनींच विटांस अडकवून धरीत त्यानें १४३६ पर्यंत घुमट पुरा केला."

इंजिनिअरास त्यांतील युक्ति मोठी वाटावी हें साहजिक आहे. आम्हांस मात्र दुसरीच गोष्ट अधिक मोठी वाटली. ज्या पणजोबांनीं पाया घातला त्यांना छप्पर कसें पडणार हें माहीत नव्हतें. आपल्या वंशांत पुढें कोणी शहाणा निपजेल, या भरंवशावर त्यांनीं एवढें मोठें देवघर उघडें ठेविलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा भरंवसा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

वरून पाहिलें तों तांबड्या कौलांचें सारें शहर पायांशीं पसरलें होतें. अंगणांच्या भिंतींवर विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत होते, आणि पलीकडच्या टेंकड्यांवर ऑलिव्हच्या रुपेरी बागांत सुरूचीं काळसर झाडें उभीं होतीं. आपल्याकडे चैत्राचें ऊन डोक्यावर घेववत नाहीं. तेथें तें कोंवळें असतें. लोक उन्हांत बसण्यासाठीं मुद्दाम जागा शोधतात.

तेथून पायीं थोड्याच अंतरावर एका चौकांत नऊ कमानींची एक सडपातळ पडवी आहे. हीही ब्रुनेलेस्कीचीच रचना. शहरांतील रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघानें टाकलेल्या मुलांसाठीं १४१९ सालीं हें घर बांधावयास घेतलें. १४४५ सालीं तें उघडलें. त्याच वर्षीं ५ फेब्रुवारी रोजीं पहिलें मूल आलें. ती मुलगी होती. त्या दिवशीं संत आगाताचा सण, म्हणून तिचें नांव आगाता ठेविलें. कमानींच्या वर निळ्या वर्तुळांत बाळोत्यांत गुंडाळलेलीं पांढरीं बाळें आहेत. आंद्रेआ देल्ला रोब्बिया यानें तीं पंधराव्या शतकाच्या अखेरीस भाजलेल्या मातीचीं घडविलीं. पडवीच्या टोंकाशीं गजांची एक खिडकी आहे. तींतून बाळ आंत द्यावयाचें आणि निघून जावयाचें. देणारीचें तोंड कोणास दिसत नसे. ही सोय १८७५ सालीं बंद झाली. मुलांच्या संगोपनाचें व शिक्षणाचें काम करणारी संस्था मात्र त्या जागीं आजही आहे.

आंतील संग्रहालयांत लहान लहान खणांची एक भिंत आहे. प्रत्येक खणांत एकेक खूण: अर्धें कापलेलें पदक, मोडलेलें नाणें, मणी, फितीचा तुकडा. आई ही खूण बाळाबरोबर ठेवी आणि तिचा जोड स्वतःपाशीं राखी. दिवस पालटले, तर आपलें मूल आपल्याला ओळखतां यावें, हा हेतु. संस्थेनें या खुणांची नोंद करून त्या जपून ठेविल्या. आम्ही एकेक खण उघडून पाहत होतों. स्नेही मात्र दोन-चार खणांनंतर बाजूस जाऊन उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "ठेव ठेवणारीचें दुःख आपण पाहतों. सांभाळणाराचें नांवसुद्धां घेत नाहीं." हें ते कोणास उद्देशून म्हणाले हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं.

दुपारीं एका लहानशा खाणावळींत जेवलों. या प्रांतांतला पाव अळणी असतो. शिळा पाव टोमॅटोंत शिजवून, वर ऑलिव्हचें तेल घालून एक दाट सार करतात. आमच्यासारख्या शाकाहारी माणसास तें फार सोयीचें. शिळें अन्न वायां न दवडणारी गृहिणी सर्व देशांत सारखीच, असें वाटून आम्हांस घरच्या फोडणीच्या पोळीची आठवण झाली.

मग आर्नो नदीच्या कांठानें चालूं लागलों. या नदीनें शहरास जितकें दिलें तितकेंच घेतलेंही आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं तिला महापूर आला. पाणी कोठवर चढलें होतें हें दाखविणाऱ्या पाट्या कित्येक भिंतींवर आहेत. त्यांतल्या कांहीं आपल्या डोक्याच्याही वर लावलेल्या आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयांतील लक्षावधि पुस्तकें चिखलांत बुडालीं. तेव्हां देशोदेशींचे तरुण-तरुणी आपण होऊन आलीं आणि रांगा करून, हातोहात देत, तीं पुस्तकें बाहेर काढूं लागलीं. गांवकरी त्यांस चिखलांतले देवदूत म्हणत. तें नांव अजून चालतें.

पुढें सांता त्रिनिता नांवाचा पूल लागतो. ऑगस्ट १९४४ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें या शहरांतील पूल सुरुंगानें उडविले; १३४५ सालचा जुना पूल तेवढा वांचला. युद्धानंतर सांता त्रिनिता पूल जसाच्या तसा पुन्हां बांधावयाचें लोकांनीं ठरविलें, नदींत पडलेले दगड वेंचून काढले, आणि १९५८ सालीं पूल उभा केला. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंच्या मूर्ति आहेत. त्या १६०८ सालीं मेदिची घराण्यांतील एका लग्नानिमित्त बसविल्या होत्या. त्यांपैकीं वसंतदेवतेचें शिर मात्र सांपडलें नाहीं. तिला नवें शिर न लावतां तशीच उभी केली. १९६१ सालीं तें शिर नदीच्या गाळांत मिळालें आणि मूळच्या जागीं बसविण्यांत आलें. मानेवरचा सांधा पुलावरून दिसतो. स्नेही तो सांधा बराच वेळ निरखून पाहत होते.

उन्हें कलतां कलतां आम्ही शहराच्या पश्चिमेस काशिने नांवाच्या उपवनांत गेलों. नदीकांठानें कोसभर पसरलेल्या या उपवनाच्या अगदीं टोंकाला, जेथें मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते, तेथें एक छत्री आहे. आंत पागोटें घातलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज. १८७० सालीं ते विलायत पाहावयास गेले. त्या प्रवासांत त्यांनीं लिहिलेली रोजनिशी पुढें १८७२ सालीं प्रसिद्ध झाली. परत येतांना फ्लॉरेन्समध्यें ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचें देहावसान झालें. वय अवघें वीस वर्षांचें. त्या वेळीं फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. उघड्यावर दहन करण्याची तेथें रीत नव्हती. तरीही खास परवानगी मिळाली, आणि आपल्या धर्माप्रमाणें दोन नद्यांच्या संगमावर चिता रचण्यांत आली. १८७४ सालीं त्या जागीं ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा करणारे चार्ल्स मँट यांनींच पुढें कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचीही रचना केली. जवळच १९७० नंतरच्या दशकांत आर्नोवर मोठा पूल बांधला, त्यास लोक 'इंदियानोचा पूल', म्हणजे हिंदी माणसाचा पूल, म्हणतात. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांस कोल्हापूर ठाऊक असेल कोण जाणे. पण नांव त्यांच्या तोंडीं बसलें आहे.

आम्ही पोहोंचलों तेव्हां गवतावर दोन-तीन मुलें चेंडू खेळत होतीं. चेंडू छत्रीच्या कठड्याशीं आला. एक मुलगा धांवत येऊन तो घेऊन गेला. स्नेही त्या कठड्याशीं उभे होते. बऱ्याच वेळानें म्हणाले, "हाही परक्या मुलखांतला अग्निच."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. मग तेच सांगूं लागले. आईच्या शेवटच्या दोन रात्रीं तिकडच्या इस्पितळांत एक तरुण जर्मन परिचारिका होती. आईस ग्लानींत मराठीखेरीज दुसरी भाषा सुचेना. त्या मुलीनें यांच्याकडून एक शब्द विचारून घेतला आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आपल्या लिपींत लिहून ठेवला. मध्यरात्रीं तीच आईच्या ओठांशीं चमचा धरून विचारी, "पाणी?" आई मान हलवी. "हें मी कोणासच सांगितलें नाहीं," ते म्हणाले. "काकांनीं विचारलेंही नाहीं, आणि मला सुचलेंही नाहीं." त्यानंतर ते संगमापर्यंत एकटेच चालत गेले. त्यांच्या मनांतला कांटा निघाला असें आम्ही म्हणणार नाहीं. असे कांटे एका दिवसांत निघत नसतात. पण परततांना त्यांनीं आपण होऊन आईच्या गोष्टी काढल्या, हें खरें.

'परका मुलूख' हा शब्द आपल्या घरांत फार सहज उच्चारला जातो. ज्यांचीं मुलेंबाळें दूर आहेत त्यांनीं तो उच्चारतांना थोडें थांबावें, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे. आणि ही गोष्ट एकेरी नाहीं. ज्या कोल्हापूरच्या तरुण राजास फ्लॉरेन्सनें संगमावर जागा दिली, त्याच कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ या काळांत पोलंडहून परागंदा झालेलीं सुमारें ५,००० माणसें राहिलीं. त्यांत बहुतेक बायका व मुलें होतीं. तीं मुलें तेथें शाळेंत गेलीं आणि मोठीं झालीं. त्यांची आठवण सांगणारा स्तंभ आज कोल्हापुरांत आहे.

आपल्याही गांवांत परप्रांतांतून शिकावयास आलेला एखादा मुलगा असेल, दूरदेशाहून नोकरीस आलेली एखादी परिचारिका असेल. ती कोणाच्या तरी घरची ठेव आहे. सणावारीं तिला पानावर बोलवावें, आजारांत तिची विचारपूस करावी, आणि तिच्या भाषेंतला एखादा शब्द तरी शिकून घ्यावा. तिकडे दूर कोणीतरी आपल्या माणसासाठीं 'पाणी' हा शब्द शिकत असेल.