जमीन एकाची, इसार दुसऱ्याचा, सौदा तिसऱ्याचा

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लाखांदूर हा धानाचा तालुका. इथल्या बांध्यांचा सौदा ठरला की विक्रीपत्राआधी इसारचिठ्ठी होते. घरोघरी ती वाचली जाते ती रकमेपुरती. किती ठरले, किती हाती आले, बाकी केव्हा. घेणाऱ्याच्या नावापुढे ‘किंवा ते सांगतील त्यांच्या नावे विक्रीपत्र करून देऊ’ असे एखादे वाक्य असते, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. या लेखाचा विषय ते वाक्य आहे.

समजा, तीन एकर जमीन एकरी १२ लाखांना ठरली. इसार एक लाख, मुदत अकरा महिने. इसार देणाऱ्याला जमीन कसायची नसते, ठेवायचीही नसते. मुदतीच्या आत तो नागपूरचे एखादे गिऱ्हाईक गाठतो आणि एकरी १५ लाख ठरवतो. विक्रीपत्र मूळ मालक थेट त्या गिऱ्हाइकाला करून देतो. मधले नऊ लाख इसारवाल्याचे. एक लाख गुंतवून त्याने जमीन नव्हे, करार विकला.

अमेरिकेत या धंद्याला ‘होलसेलिंग’ असे ठोक व्यापाराचे नाव आहे. तिथेही तक्रारी वाढल्या, तेव्हा इलिनॉयने २०१९ मध्ये आणि ओक्लाहोमाने २०२१ मध्ये अशा मध्यस्थांना परवान्याच्या कक्षेत आणले. आपल्याकडे २०१६ चा ‘रेरा’ कायदा दलालांना नोंदणी सक्तीची करतो खरा, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांपुरती. धानाची बांधी त्यात येत नाही.

मग हे बेकायदा आहे काय? मुळात नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम १५ करारातील हक्क ज्याला दिला, त्यालाही विक्रीपत्रासाठी दावा लावू देते. अपवाद आहेत, त्यांतला महत्त्वाचा म्हणजे ‘हा हक्क दुसऱ्यास देता येणार नाही’ असे करारातच लिहिलेले असणे. हक्क देता येतो, जबाबदारी मात्र समोरच्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तागाच्या एका व्यवहारात स्पष्ट केले. म्हणजे इसारवाला करार देऊन मोकळा झाला, तरी बाकी रकमेसाठी मालक त्यालाच धरू शकतो. हे किती मालकांना ठाऊक असते?

शेवटच्या गिऱ्हाइकाची स्थिती तर अधिक नाजूक. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. इसारवाल्याकडे जमीन नसतेच. असतो तो दाव्याचा हक्क. आममुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावले. त्यात विदर्भाचा १९५८ चा कुळकायदा शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीविना घेऊ देत नाही. गिऱ्हाईक दुकानदार वा नोकरदार असेल आणि सातबारा कोठेच नावावर नसेल, तर दिलेले पैसे अडकतात आणि व्यवहार विक्रीपत्राच्या टप्प्यावर फसतो. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर परवानगीचा आणखी एक फेरा.

मला स्वतःला मधला नफा खटकत नाही; गिऱ्हाईक शोधणे हेही कामच आहे. खटकतो तो लपवलेला भाव. मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचे बिल समोर असलेल्या घराला तो कळत नाही, आणि तेवढ्या अज्ञानावर नऊ लाख उभे राहतात.

सही करण्यापूर्वी ‘सांगतील त्यांच्या नावे’ हे शब्द काढून टाकावेत, किंवा पुढे ‘मालकाच्या लेखी संमतीने’ एवढे जोडावे. मुदत अकरा महिन्यांऐवजी तीन महिने ठेवावी. मुदत चुकल्यास इसाराचे काय, हेही लिहावे. ताबा आधी देऊ नये. तो दिला की महाराष्ट्रात अशा करारावर विक्रीपत्राप्रमाणेच मुद्रांक शुल्क लागते. आणि करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा, कारण कपाटातल्या चिठ्ठ्या एकाच जमिनीच्या दोन-तीन निघू शकतात. गिऱ्हाईक मिळाले नाही तर इसारवाला गप्प बसतो, पण ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे त्याला दावा लावता येतो. आणि तोवर दुसरा घेणारा ती जमीन घ्यायला धजत नाही.