गोड थापा

फ्रेंच गोडाधोडाबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात थापाच फार असतात, आणि त्या थापांची मला आताशा चीड यायला लागली आहे. चीड हा शब्द मुद्दाम वापरते आहे. भाचेमंडळी म्हणतील, मावशी, खाण्याच्या गोष्टीवर कसली चिडतेस! पण चौतीस वर्षं इतिहास शिकवला, ती खोड आता जायची नाही.

क्रोसाँचंच घ्या. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी फिरते. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, ते रात्री भुयार खणत होते, बेकरीवाल्यांना आवाज आला, शहर वाचलं आणि आठवण म्हणून चंद्रकोरीचा पाव भाजला. मग मारी आंत्वानेत राणीने तो फ्रान्सला नेला. गोष्ट झकास, पुरावा शून्य! चंद्रकोरीचा किप्फर्ल ऑस्ट्रियात त्या वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होता. पॅरिसला तो रुजला आउगुस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसामुळे. त्याने १८३०च्या दशकाच्या अखेरीस तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. हा गृहस्थ पुढे मायदेशी परतला आणि १८४८ साली त्याने चक्क वर्तमानपत्र सुरू केलं. आता सांगा, खरी गोष्ट काय कमी रंजक आहे? पण त्यात राणी नाही ना!

तार्त तातँचं तेच. लामोत-बव्राँ गावातल्या हॉटेलवाल्या तातँ बहिणींपैकी एकीच्या हातून गडबड झाली आणि सफरचंदाचा उलटा तार्त जन्मला म्हणे. त्या भागात उलटे तार्त आधीपासून होत होते. पण बाईमाणसाने काही चांगलं केलं की ते चुकून झालं असं म्हणायची जगाची रीतच आहे. असो.

नुसत्या थापा असत्या तर मी इतकी तळतळले नसते. माझी तक्रार वेगळी आहे. या राण्या आणि हे गमतीदार अपघात पाटावर बसले की खऱ्या माणसांना जागा उरत नाही.

क्रेम ब्रूले, एक्लेअर, मिल-फॉय... या सगळ्यांच्या क्रीमला जो वास असतो तो व्हॅनिलाचा. वेल मूळचा मेक्सिकोचा. फ्रेंचांनी तो हिंदी महासागरातल्या बूरबाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर, नेऊन लावला. वेल वाढला, फुलला, पण शेंग धरेना. फुलातल्या नर आणि मादी भागांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, आणि मेक्सिकोत परागीकरण करणारे कीटक इथे नव्हते. बेल्जियमच्या मोरेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८३६ साली काचघरात हाताने परागीकरण करून दाखवलं होतं, पण मळ्यात झटपट करता येईल अशी युक्ती काही त्यातून निघाली नाही. ती काढली १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. बारीक काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने दोन्ही भाग एकमेकांवर दाबायचे. बस्स, एवढंच. फूल एकच दिवस उमलतं, त्यामुळे काम वेळेत उरकावं लागतं. आजही मादागास्करच्या मळ्यांत एकेक फूल असंच हाताने फळवतात.

त्या शतकाच्या अखेरीस या बेटाने व्हॅनिलाच्या धंद्यात मेक्सिकोला मागे टाकलं. मळेवाले गबर झाले. एडमंडला काय मिळालं? १८४८ साली फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपली तेव्हा इतरांसारखं स्वातंत्र्य, आणि अल्बियस हे आडनाव. पुढे चोरीच्या आरोपाखाली तुरुंग. शोध आपलाच म्हणणारा एक गोरा वनस्पतिशास्त्रज्ञही उपटला. एडमंडचा पूर्वीचा मालक मात्र मुलाच्या बाजूने उभा राहिला, हे नोंदवायला हवं. १८८० साली एडमंड दारिद्र्यात मेला.

साखरेबद्दल काय बोलायचं! फ्रान्सची साखर यायची कॅरिबियनमधल्या सां-दोमँग वसाहतीतून, तिथल्या सुमारे पाच लाख गुलामांच्या श्रमावर. त्यांनी १७९१ साली बंड केलं, १८०४ साली हैती हा स्वतंत्र देश उभा केला. तर १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडेच पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. मालकांचं नुकसान झालं म्हणून! ही रक्कम पुढे कमी केली, तरी तिच्यापायी काढलेली कर्जं हैतीला शंभराहून अधिक वर्षं पुरली.

नाँत शहराचा प्रसिद्ध केक बदाम, लोणी, साखर आणि रम यांचा. यातली साखर नि रम कुठून आली, हे बंदराकडे पाहिलं की कळतं, कारण गुलामांच्या व्यापारात फ्रान्समधलं सर्वांत मोठं बंदर हेच. त्या शहराने २०१२ साली नदीकाठी गुलामगिरीच्या निर्मूलनाचं स्मारक उभारलं. म्हणजे खुद्द तिथल्या लोकांना जे बोलायची लाज वाटत नाही, ते आपल्या टीव्हीवरच्या खाद्यभ्रमंतीवाल्यांच्या तोंडून का निघू नये?

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, तेव्हाचा काळच तसा होता. अहो, त्याच काळात हैतीची माणसं गुलामगिरीविरुद्ध लढून जिंकली, ती काय दुसऱ्या काळातली होती? दुसरं, आपल्या साखरेचं काय? हा प्रश्न रास्त आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या. तेही सांगाच की मुलांना. एक झाकायला दुसरं पुढे करू नका म्हणजे झालं.

आणि कृपा करून, खाऊ नका असं मी म्हणते आहे असा अर्थ काढू नका. मला स्वतःला एक्लेअर अतिशय आवडतो.

आमची एक भाची पॅरिसला असते. दर रविवारी पेस्ट्रीचे फोटो पाठवते, खाली त्या राणीची नाहीतर राजाची एखादी गोष्ट. बाई गं, पुढच्या वेळी क्रीममधले ते बारीक काळे ठिपके लेकाला दाखव आणि ते कुणामुळे आले ते सांग. तो आता नऊ वर्षांचा आहे. एडमंड त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठा होता.