सेकंडहँड, पण फर्स्टक्लास!

‘दोन लाखांत गाडी येते का रे?’ मित्राचा फोन. मी हसलो. म्हटलं, येते की, तिच्यामागे मेकॅनिकही येतो! पलीकडून हसू आलं नाही. मग कळलं, त्याच्या बाबांचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून तीन दिवस कर्जतहून पनवेल. पहाटे साडेपाचला मशीनवर नंबर लागतो. प्रत्येक वेळी भाड्याची गाडी केली तर महिन्याला पगाराचा मोठा लचका जातो, आणि एखाद्या पहाटे ड्रायव्हर आलाच नाही तर?

म्हणजे इथे ‘स्टाइल’, ‘पिकअप’, ‘म्युझिक सिस्टम’ वगैरे फंडे बाद. गाडी रोज स्टार्ट झाली पाहिजे, बस्स. मग आम्ही दोघं तीन रविवार कर्जत आणि खालापूर तालुका पालथा घालत फिरलो.

पहिली गाडी कर्जतमध्येच. सात-आठ वर्षांची हॅचबॅक, आरशासारखा पॉलिश, आत परफ्यूमचा घमघमाट, आणि किंमत बाजारापेक्षा तीस-चाळीस हजारांनी कमी. मित्र खूश. मला त्या परफ्यूमचीच शंका आली. बॉस, आपण उल्हास नदीच्या गावात उभे आहोत! जुलै २०२१ मध्ये इथे पाणी शिरलं होतं. त्याच पावसात महाड आणि चिपळूण बुडालं. त्याआधी २६ जुलै २००५ आहेच. पाण्यात बसलेल्या गाड्या नंतर कुठे जातात, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. त्यातल्या काही धुऊन-पुसून विकायला येतात.

तर अशा वेळी एक करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी टोक दिसेपर्यंत बाहेर ओढा. विकणारा कार्पेट बदलतो, सीट कव्हर बदलतो, पण बेल्टचा आत गुंडाळलेला भाग धुवायचं सहसा विसरतो. आमच्या हातात बेल्ट आला तो वरच्या अर्ध्या भागात काळा आणि खाली तपकिरी, मध्ये सरळ रेघ. डिकीतली स्टेपनी उचलली, खाली बारीक गाळ. विकणारा म्हणाला, ‘पावसात चपला आत येतात ना!’ चपला स्टेपनीच्या खाली? आम्ही चहा न घेता निघालो. पुराच्या गाडीचा त्रास लगेच होत नाही. वायरिंगच्या जोडण्या आतून गंजत राहतात आणि सहा-आठ महिन्यांनी गाडी दगा देते, तेव्हा विकणारा फोन उचलत नसतो.

दुसरी गाडी खोपोलीत. दिल्ली पासिंगची डिझेल सेडान, आणि इतकी स्वस्त की मित्राचे डोळे चमकले. कारण सोपं आहे. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. मग तिथल्या गाड्या एनओसी घेऊन देशभर निघाल्या. गाडी वाईट असतेच असं नाही, पण महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरा, नंबर बदला, आरटीओच्या खेपा घाला. शिवाय या गाडीच्या आरसीवर बँकेचं कर्ज अजून उभंच होतं. ‘एनओसी मिळेल, काळजी नको.’ अहो, मिळू दे, मग बोलू.

तिसरी गाडी खालापूरला, एका निवृत्त शिक्षकांची. २०१३ ची वॅगन आर, पेट्रोल. रंग उडालेला, दरवाजावर ओरखडा. पण सरांनी एक प्लॅस्टिकची पिशवी आणून टेबलावर ठेवली. तिच्यात पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं! किलोमीटरचा आकडा बिलागणिक चढत गेलेला, कुठे उडी नाही, कुठे घसरण नाही. मीटर मागे फिरवणं आजकाल चिल्लर काम झालंय, म्हणून मीटरवर नाही, बिलांवर विश्वास ठेवा. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे टायर चार वर्षांचे निघाले.

‘इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावरच सुरू करा,’ असं सरांना आधीच सांगितलं होतं. गरम इंजिन कुठलंही गोड वागतं. सायलेन्सरमधून निळा धूर आला असता तर समजायचं, ऑइल जळतंय. तसं काही नव्हतं. मग खरी परीक्षा. एसी लावून खोपोलीवरून जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत. कर्जत-खालापूरचा हा मोठा फायदा, टेस्ट ड्राइव्हला घाट फुकट मिळतो! सपाट रस्त्यावर लपणारा क्लच चढावर लपत नाही. इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकत नाही, असं एकदा झालं. क्लच संपत आलाय. तापमानाचा काटा मात्र जागचा हलला नाही. मित्राने शिंग्रोबाला नाणं टाकलं, मी मनात भाव दहा हजारांनी खाली आणला.

सर दोन लाख दहा म्हणत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्याही उतरायला हव्यात, हा मुद्दा मी पुढे केला. सर शिक्षकच, त्यांनी तो मान्य केला! क्लचचे वेगळे. शेवटी एक लाख पंच्याहत्तरला ठरलं. उरलेले पंचवीस हजार मित्राने गाडीच्याच नावाने बाजूला ठेवले. क्लच, बॅटरी, आणि रबरी पाइप बदलायला, कारण पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि तेव्हाच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. कमी बजेटवाल्यांची चूक नेमकी इथे होते. दोन लाख असले की दोन लाखांचीच गाडी घेतात आणि पहिल्याच बिलाला हात पसरतात.

कागदांत मात्र आम्ही घाई केली नाही. ई-चलान पाहिलं तर दोन दंड बाकी, दोन्ही वेगाचे. एक्स्प्रेसवेवर २०२४ मध्ये कॅमेरे बसल्यापासून सरांच्या जावयाची गंमत सरांना आत्ता कळली! ते त्यांनी भरले. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. सर स्वतःच म्हणाले, ‘नाव लवकर बदलून घ्या हं.’ बरोबरच होतं. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, त्याच्यावर जबाबदारी येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमाही चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस सरांकडेच राहणार, त्यामुळे हप्ता थोडा वाढला. आरसी २०२८ पर्यंत आहे. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

सोमवारी पहाटे साडेचारला मित्राचा मेसेज आला. ‘चौक क्रॉस केलं. बाबा म्हणतायत सीट कडक आहे.’

क्लच त्याच आठवड्यात बदलला. साडेसात हजार.