गब्बर नसलेली गोष्ट

काय दोस्तांनो, ‘शोले’ पाहिलाय ना? १९७५ सालच्या या सिनेमावर मी फिदा आहेच. पण त्याहून लाडकी आहे ती त्याच रमेश सिप्पींची दूरदर्शन मालिका, ‘बुनियाद’!

१९८६-८७ साली ती लागायची. मास्टर हवेलीराम आणि लाजोजींचं लाहोरचं घर फाळणीत सुटतं, संसार पहिल्यापासून मांडावा लागतो. ‘शोले’त गब्बरला पकडलं की झालं! इथे पकडायचं कुणाला?

मी राहतो त्या उल्हासनगर कॅम्प १ मध्ये ही गोष्ट घरोघरची. ‘कॅम्प’ हे नाव कुठून आलं, माहितेय? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्याच बराकींत राहिली, आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. खुद्द सिप्पींचा जन्मही १९४७ चा, कराचीचा!

तेव्हा आई-बाबांसोबत ‘बुनियाद’ जरूर पाहा. आणि शेजारी कुणी सिंधी आजी-आजोबा असतील, तर हळूच विचारा, “तुमचं गाव कुठलं हो?” ते दिवस आठवणारी माणसं आता थोडीच उरलीत. त्यांची गोष्ट कुठल्याच पडद्यावर पुन्हा लागायची नाही. मग, कधी विचारताय?