छातीतल्या गाठी : सगळ्याच वैरी नसतात

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर कारीट फोडून आपण कडूची चव घेतो आणि मगच गोडाकडे वळतो. या सदरातही यंदा आधी थोडे कडू सांगतो. वाचक भगिनींनी धीर धरावा; पुढे गोडही आहे.

समजा, पंचेचाळीशीच्या एक बाई आहेत. सातआठ वर्षांपूर्वी फायब्रॉइडच्या गाठींमुळे त्यांची गर्भाशयाची पिशवी काढली होती. आता हर्नियाचे ऑपरेशन ठरले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. फोटोत दोन्ही फुफ्फुसांत वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या गोल गोल गाठी विखुरलेल्या दिसल्या. बाईंना ना खोकला, ना ताप. वजनही घटलेले नाही. तरी यजमानांच्या घशाखाली घास उतरेना आणि सासूबाईंनी देव पाण्यात घातले.

भीती अगदीच अनाठायी नव्हे. फुफ्फुसभर पसरलेल्या अनेक गाठी म्हटल्या की दुसऱ्या अवयवातून आलेल्या कर्करोगाचा विचार डॉक्टरांना आधी करावाच लागतो. आपल्या देशात क्षयाचाही करावा लागतो. सारकॉइडसारखे इतरही काही रोग आहेत. पण याच पंगतीत एक दुर्मीळ, सौम्य स्वभावाचा पाहुणाही असतो. त्याचे नाव मात्र भारदस्त : 'बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा'. स्टायनर नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने 1939 साली या प्रकाराचे वर्णन केले. गर्भाशयातला फायब्रॉइड ही गुळगुळीत स्नायूची साधी गाठ. तशाच पेशींच्या गाठी पुढे कधीतरी फुफ्फुसात सापडतात. बहुधा रक्तवाहिन्यांवाटे त्या पेशी तिथे पोहोचतात. ऑपरेशन आणि या गाठी यांत दहापंधरा वर्षांचे अंतरही असू शकते.

मग ओळखायचे कसे? नुसत्या फोटोवरून मुळीच नाही. गाठी गोल आणि रेखीव दिसल्या, तरी तेवढ्याने त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. पहिली पायरी म्हणजे जुने फोटो. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत त्याच गाठी तेवढ्याच आकाराच्या असतील, तर मनावरचे अर्धे ओझे उतरते. दुसरी पायरी सीटी स्कॅन. गाठी किती, कुठे आणि केवढ्या, हे त्यात नीट कळते. क्षयाची शंका असेल तर थुंकीची तपासणी होते. स्तन, थायरॉइड, मूत्रपिंड, आतडे यांत कुठे कर्करोग दडलेला नाही ना, हेही डॉक्टर पाहतात.

खरा निवाडा मात्र गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच होतो. हा तुकडा सुईने काढतात. सुईने भागले नाही, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने. लायोमायोमात लांबट, चातीसारख्या स्नायुपेशी शिस्तीत मांडलेल्या दिसतात. त्यांचे विभाजन अगदी थोडे असते आणि मेलेल्या पेशींचे पुंजके नसतात. खास रंगद्रव्यांनी त्या पेशी स्नायूच्याच आहेत हे ठरते, आणि त्यांवर ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांची ग्रहणस्थाने सापडली म्हणजे त्यांचे माहेर गर्भाशय असावे, या तर्काला बळकटी येते.

तरी एक खोच उरतेच. स्नायूचा मंदगती कर्करोगही पुष्कळसा असाच दिसतो. म्हणून जाणता विकृतिशास्त्रज्ञ जुन्या पिशवीच्या काचपट्ट्या मागवून पुन्हा पाहतो. तेव्हा जी गाठ साधी म्हणून नोंदली, ती खरोखर साधीच होती काय? बाईंचे पुढले सारे आयुष्य या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

उत्तर मनासारखे आले, तर बहुधा लगेच मोठे उपचार लागत नाहीत. काही जणींच्या गाठी तशाच पडून राहतात; काहींच्या पाळी गेल्यानंतर आक्रसतात. गाठी वाढू लागल्या किंवा दम लागू लागला, तर संप्रेरकांना आळा घालणारी औषधे, कधी बीजकोश काढणे, कधी गाठींवरच शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. ठरलेल्या मुदतीने सीटी स्कॅन मात्र चुकवू नये. संप्रेरकांच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

शेवटी घरोघरच्या उपयोगाच्या दोन गोष्टी. दिवाळीच्या साफसफाईत जुने एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद रद्दीत घालू नका. पिशवी किंवा कोणतीही गाठ काढली असेल, तर तिच्या तपासणीचा रिपोर्ट दागिन्यांसारखा जपा आणि नव्या डॉक्टरांना जुने ऑपरेशन आपणहून सांगा. छातीचा आणि पिशवीचा काय संबंध, असे म्हणून गप्प बसू नका. दुसरी गोष्ट : तुकड्याची तपासणी होण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून क्षयाच्या गोळ्या सुरू करू नका, आणि कर्करोग समजून रडतही बसू नका. निदानाला काही आठवडे लागतील. तेवढे दिवस घरच्यांनी बाईंच्या जवळ बसावे आणि कुजबुज करू नये.